बेडकाची घट्ट पँट आणि तोफेचा दात

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते. बालकविता मोठ्यानं वाचली की घाबरलेल्या माणसाची नाडी मंदावते! हे माझं मत नाही, निरीक्षण आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर आहे. मत आणि निरीक्षण यांत माझी कधीच गल्लत होत नाही. निदान त्या मंगळवारपर्यंत होत नव्हती.

झालं असं, की पदवी मिळाली, पण नोकरी काही मिळेना. घरात बसून मी दह्यातल्या जिवाणूंबद्दल बोलत राहते हे पाहून घरच्यांनी दही आणणंच बंद केलं. शेवटी माझ्या आत्यानं मला तिच्या दातांच्या दवाखान्यात, पुढच्या खोलीत आणून बसवलं. काम सोपं होतं. फोन घ्यायचा, पेशंटला बसवायचं, आत सोडायचं. अवघड एवढंच, की ते बसत नसत. दातांच्या डॉक्टरकडे वाट बघणारी माणसं निकाल लागायच्या आधीच नापास झाल्यासारखी दिसतात. आतून ‘घुर्रर्र’ असा आवाज आला की एखादा हळूच उठायचा, “गाडी नीट लावली का बघून येतो” म्हणायचा आणि थेट पुढच्या महिन्यात उगवायचा!

एकदा असंच एक पोर भोकाड पसरून बसलं होतं. माझ्या पिशवीत घरचं बालकवितांचं पुस्तक होतं: जाडजूड, कडक पुठ्ठ्याचं, कोपऱ्यांना पत्रा ठोकल्यासारखं. शेजारणीच्या मुलीला द्यायला आणलेलं. मी ते उघडलं आणि एक कविता वाचली. पोर गप्प. पोराची आई गप्प. कोपऱ्यातले वकील गप्प! मी लगेच आत्याचा तो बोटाला लावायचा नाडी दाखवणारा चिमटा आणला आणि प्रयोगच सुरू केला. वाचण्याआधी नाडी, वाचल्यानंतर नाडी. तुलनेसाठी वर्तमानपत्रातला अग्रलेखही वाचून पाहिला. त्यानं दोघांची नाडी वाढली आणि तिसरा उठून गेला. कवितेनं मात्र प्रत्येकाची उतरली. याहून स्वच्छ निष्कर्ष मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

आता आमच्या घरात कविता वाचायची एक रीत आहे, ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. आमच्याकडे कडव्याचा शेवटचा शब्द वाचणाऱ्यानं म्हणायचा नसतो. तिथं येऊन थांबायचं, भुवया वर करायच्या, आणि तो शब्द ऐकणाऱ्यानं द्यायचा. बाबा तसंच वाचायचे, त्यांचे बाबा तसंच वाचायचे. शब्द तोंडातून सुटताना ऐकणाऱ्याला जो आनंद होतो, तो मी कुठल्याही चिमट्यानं मोजू शकलेले नाही. वकीलसुद्धा ‘घट्ट!’ असं ओरडून इकडेतिकडे बघायचे.

‘घट्ट’ हा शब्द आमच्या सर्वांत लोकप्रिय कवितेतला. ती अशी:

डबक्यामधला बेडूक लठ्ठ,
पँट शिवली त्यानं घट्ट.

उडी मारली पहिली जेव्हा,
बटण उडालं टुण्णकन् तेव्हा.

उडी मारली दुसरी खास,
शिवण म्हणाली, “आता बास!”

उडी मारली तिसरी मोठी,
पँट राहिली तळ्याकाठी.

मासे हसले, हसले बगळे,
हसता हसता पडले सगळे.

बेडूक म्हणाला, “कसली लाज?
नवीन फॅशन निघाली आज!”

तर त्या मंगळवारी आत्याची मदतनीस रजेवर होती. पुढच्या खोलीत दोनच पेशंट होते. एक टेंपोवाले काका. हा माणूस एकट्यानं पाठीवरून लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवतो, पण सुई पाहिली की लाजाळूच्या झाडासारखा मिटतो. त्यांची दाढ काढायची होती. आत्यानं कसंबसं इंजेक्शन टोचलं आणि “जबडा बधिर होईपर्यंत बाहेर बसा” म्हणून त्यांना पाठवून दिलं होतं.

दुसरी पेशंट तोफ. आठ वर्षांची मुलगी. हे नाव तिला तिच्या आजोबांनी ठेवलं होतं आणि एकदा तिचं बोलणं ऐकलं की खरं नाव विचारायची गरज उरत नसे. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पूर्ण आले होते: शुभ्र, रुंद, नव्या दाराच्या फळ्यांसारखे. आत्या सहज तपासणार होती, बस. आजोबा जन्मभर तारघरात नोकरीला होते. तिथं शब्दाशब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे काटकसर त्यांच्या जिभेतच मुरली होती.

“तपासणी,” ते आत येताच म्हणाले आणि बसले.

“ताई, बेडूक!!” तोफ म्हणाली. टेंपोवाले काका दचकून भिंतीला टेकले.

“बेडूकच का? आज दुसरी वाचू या की.”

“बेडूक! आणि उड्यांसकट!”

उड्या हा माझा नवा शोध होता. हालचाल आणि लय यांची सांगड घातली तर परिणाम दुप्पट व्हावा, असं माझं गृहीतक होतं. मी पुस्तक दोन्ही हातांत उघडं धरून तिच्यासमोर उभी राहिले. ती खुर्चीवर चढली. पहिली उडी जमिनीवर, मग पुन्हा खुर्चीवर. दुसरी उडी जमिनीवर, पुन्हा खुर्चीवर. टेंपोवाल्या काकांनी ‘बास’ला तिच्याबरोबर सूर लावला. मला चेव चढला!

“उडी मारली तिसरी...” असं म्हणत मी बेडकासारखी पुढं झुकले.

आणि तिनं तिसरी खरोखरच मोठी मारली.

खट्!

मी पुस्तकासकट मागं बसले, पुस्तक माझ्या हातात फट्कन मिटलं. तोफ जमिनीवर होती. मग तिनं तोंड उघडलं आणि त्या दोन नव्या फळ्यांच्या जागी मला एकच फळी दिसली. शेजारी दार सताड उघडं!

“आत्याऽऽऽ!”

आत्या हातमोजे चढवत बाहेर आली. तिनं तोफेच्या तोंडात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुसरं पाहणं जास्त लागलं.

“पक्का दात आहे,” ती म्हणाली. “मुळासकट निघालाय. दात कुठाय?”

“दात?”

“अगं, पडलेला दात! तो लगेच परत बसवला तर जगेल. तासभर कोरडा राहिला तर मेला. हिला जन्मभर खोटा दात लावून फिरायला लागेल आणि मी जन्मभर सांगेन, कुणामुळे ते! शोध! आणि मुळाला हात लावायचा नाही, वरून धरायचा. आजोबा, चहाचं दूध आहे तिथं, कपात थोडं घ्या. मिळाला की त्यात टाका.”

आत्या तोफेला उचलून आतल्या खुर्चीत घेऊन गेली. मला त्या क्षणी माझ्या पदवीचा मनस्वी राग आला. दुसऱ्या कुणाला नुसता दात हरवल्याचं दुःख झालं असतं. मला त्या मुळावरच्या पेशी दिसत होत्या! ओलाव्यावाचून एकेक करून माना टाकणाऱ्या, माझ्याकडे पाहून “हीच ती” म्हणणाऱ्या पेशी!

मी जमिनीवर पालथी झाले. खुर्च्यांखाली पाहिलं, पायपुसणं उलटं केलं, चपलांच्या आत बोटं घातली. टेंपोवाले काका एक पाय हवेत धरून उभे होते.

“काका, पाय खाली ठेवा ना!”

“नको ताई, खाली दात अशला तर?” त्यांची जीभ जड व्हायला लागली होती. “आपलं वजन लय आहे.”

“मग दुसऱ्या पायाखाली असला तर?”

हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. ते पांढरेफटक पडले आणि दुसराही पाय उचलायच्या बेतात आले. मी त्यांना पकडून खुर्चीवर बसवलं, त्यांच्या पँटच्या दुमडी उलगडून पाहिल्या. त्यात दोन स्क्रू आणि एक शेंगदाणा निघाला.

आजोबा दुधाचा कप घेऊन माझ्यामागं फिरत होते. “मिळाला?”

“नाही हो.”

“मिळाला?”

“नाही!”

आणि तेवढ्यात टेबलाखाली, अगदी भिंतीच्या कडेला, मला पांढरं काहीतरी चमकलं. “मिळाला!” मी किंचाळले. वरून धरला, दुधात टाकला, आणि कप घेऊन आत धावले. आत्यानं कपात डोकावून पाहिलं.

“हा काय आहे?”

“दात!”

“प्लॅस्टरचा आहे हा! पोरांना दाखवायच्या कवळीचा, गेल्या वर्षी पडलेला. आणि दाढ आहे. पुढचा दात मागितला होता मी! सूक्ष्मजीव दिसतात तुला, दाढ दिसत नाही?”

“शोधते, शोधते...”

“थांब!” आत्या ओरडली. खुर्चीत तोफ हातपाय झाडत होती. रडणं, लाळ, रक्त सगळं एकत्र झालं होतं. “आधी हिला शांत कर. मला जखमसुद्धा दिसत नाहीये. तुझं ते शास्त्र कुठं गेलं? रोज ऐकवतेस ना, नाडी मंदावते म्हणून? उतरव मग!”

मी धावत जाऊन पुस्तक आणलं. ते आपोआप उघडलं, नेहमीच्या पानावर, आणि मी तिथंच थिजले.

पानावर बेडकाचं चित्र होतं. तळ्याकाठी फाटकी पँट, वर आकाश. आणि दोन पानांच्या बेचक्यात, अगदी पँटशेजारी, ओलसर लाल डागात, तोफेचा दात पडला होता.

पुस्तकानंच पाडला होता आणि पुस्तकानंच गिळला होता!

“आत्या,” मी म्हटलं. पुस्तक तिच्यापुढं धरलं. आत्या काय समजायचं ते समजली. तिनं दात वरून उचलला, कपातलं दूध बदलायला लावलं, आणि पुढच्या काही मिनिटांत तिनं जे केलं ते पाहिल्यावर तिला नावं ठेवायची माझी छाती नाही. तिनं तोफेला इंजेक्शन कधी दिलं हे तोफेलाही कळलं नाही. दात धुतला, जागेवर धरला, आणि अलगद आत सरकवला. टक्क. दोन फळ्या पुन्हा शेजारीशेजारी!

मी सुस्कारा सोडला.

“सुस्कारे नंतर,” आत्या म्हणाली. “हा नुसता ठेवलाय. फुंकर मारली तर हलेल. आता शेजारच्या दातांना धरून बारीक तार बसवायची, लेप लावून, निळ्या दिव्यानं सुकवायची. एकेका दातावर एकेकदा. तोवर तोंड उघडं, जीभ मागं, ओठ बाहेर. लाळ लागली की लेप सुटला. बोलली की दात सरकला. कळलं?” शेवटचा प्रश्न तोफेला होता. तोफेनं डोळ्यांनी ‘हो’ म्हटलं आणि डोळे पुन्हा भरून आले.

“रडायचं पण नाही! अगं, वाच तू! आणि ही लाळ ओढायची नळी धर. मदतनीस नाही माझी आज.”

एका हातात नळी. पुस्तक आजोबांनी माझ्यासमोर धरलं. मी आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणला.

“डबक्यामधला बेडूक लठ्ठ, पँट शिवली त्यानं...”

सवय! भुवया वर झाल्या. मी थांबले.

“घॅऽऽत्त!” तोफ म्हणाली. कापसाची गुंडाळी तोंडातून उडून आत्याच्या चष्म्यावर बसली.

आत्यानं चष्मा पुसला. दात तपासला. अजून जागेवर होता. “का बोलली ही?”

“तो शब्द तिनं द्यायचा असतो ना!”

“मग आज तूच दे!”

“पँट शिवली त्यानं घट्ट,” मी घाईघाईनं वाचून टाकलं.

तोफेनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या ताटातलं उचलून खाल्लं. तिचा खालचा ओठ थरथरला. डोळ्यांतून एक टपोरा थेंब गालावरून थेट तोंडाच्या दिशेनं निघाला. आत्यानं तो कापसानं वाटेतच टिपला. “वाचू नको! बंद कर!”

मी बंद केलं. तोफेच्या घशातून तो आवाज यायला लागला, भोंगा वाजायच्या आधी हवा भरताना येतो तसा.

“वाच! वाच!”

आता तुम्हीच सांगा! वाचावं तर ती बोलते. पूर्ण वाचावं तर रडते. न वाचावं तरी रडते. मी आयुष्यात इतक्या घट्ट पँटमध्ये कधी सापडले नव्हते.

शेवटी मला सुचलं. “ऐक,” मी तोफेच्या कानाशी म्हटलं. “शब्द तुझाच. पण आज तू तो तोंडानं नाही द्यायचा. शब्द आला की आजोबांचा हात दाबायचा. तुझ्यावतीनं तो आजोबा म्हणतील. तू पाठवायचा, ते पोचवायचे. तारेसारखं!”

‘तारेसारखं’ ऐकून आजोबांची पाठ ताठ झाली. पुस्तक एका हातात, दुसरा हात नातीच्या मुठीत. आत्यानं पहिल्या दातावर लेप ठेवला, निळा दिवा लावला. दिवा गुणगुणायला लागला.

“उडी मारली पहिली जेव्हा, बटण उडालं टुण्णकन्...”

तोफेनं हात दाबला.

“नंतर,” आजोबा म्हणाले.

तोफेचे डोळे विस्फारले. माझेही.

“आजोबा, ‘तेव्हा’! जेव्हा-तेव्हा!” मी ओठ न हलवता म्हटलं.

“अर्थ तोच,” आजोबा म्हणाले.

दिव्यानं ‘पीं’ केलं. पहिला दात झाला. मास्कच्या वर आत्याच्या कपाळाची एक शीर फुगलेली मला स्पष्ट दिसत होती. दुसरा दात. तार धरली, लेप, दिवा.

“उडी मारली दुसरी खास, शिवण म्हणाली, आता...”

तोफेनं हात इतका जोरात दाबला की आजोबांची बोटं एकमेकांवर चढली.

“पुरे,” आजोबा म्हणाले.

चूक! घोर चूक! अर्थाला अगदी बरोबर, पण यमकाच्या नावानं आंघोळ! तोफेचा चेहरा लाल झाला. तिची जीभ हळूहळू वर यायला लागली. ती दुरुस्त करणार होती! मी अशी माणसं पाहिली आहेत; वेदना सहन करतील, पण चुकीचं यमक सहन करणार नाहीत. जीभ वर आली, दाताच्या मागं, अजून थोडी...

“बाऽऽश!” दारातून घोगरा आवाज आला.

आम्ही सगळे वळलो, आत्या आणि तोफ सोडून. दारात टेंपोवाले काका उभे होते. अर्धा जबडा बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला, डोळ्यांत विलक्षण तेज.

“आता बाश!” ते पुन्हा म्हणाले. “पुले नशतं आजोबा. बाश!”

तोफेची जीभ खाली गेली. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू! दिव्यानं ‘पीं’ केलं.

“काका,” आत्या मान न वळवता म्हणाली, “तिथंच उभे राहा. हलू नका. आणि शब्द तुम्ही म्हणा.”

“व्हय डॉक्टल.”

आता व्यवस्था बसली! तोफ हात दाबायची, आजोबा मान हलवायचे, काका दारातून शब्द द्यायचे. इकडून निघून तिकडून पोचणारी पक्की तारसेवा! आत्या तिसऱ्या दाताकडे सरकली. “उडी मारली तिसरी मोठी, पँट राहिली...”

“तल्याकाती!”

इथं मला एका गोष्टीचा हिशेब करायचा राहून गेला होता. लोखंडी कपाटाएवढा माणूस दारात उभा राहून गंभीर चेहऱ्यानं ‘तल्याकाती’ म्हणतो, हे किती हसू आणणारं असतं याचा! तोफेचं पोट हललं. मग खांदे. माझ्या हातातली नळी तिच्या गालाला चिकटून ‘चुईंऽऽ’ करायला लागली. त्यानं मलाही हसू फुटायला लागलं.

“हसलीस तर बघ,” आत्या म्हणाली. कुणाला ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघीही थांबलो. मी पटकन माझ्या डोळ्यांसमोर त्या पेशी आणल्या. हसू जागच्या जागी मेलं.

‘सगळे’ निभावलं. काकांनी ते ‘शगले’ म्हटलं, पण आजोबांनी हात न सोडता कोपरानं तोफेचा खांदा दाबून तिला धरलं. तिसरा दिवा ‘पीं’.

“शेवटचा,” आत्या पुटपुटली. “हा सुकला की दात आपला.” तिनं तारेचं टोक एका बोटानं दाबून धरलं. दुसऱ्या हातात दिवा. तो गुणगुणायला लागला.

मी वाचलं, “बेडूक म्हणाला, ‘कसली लाज? नवीन फॅशन निघाली...’”

आणि माझ्या लक्षात आलं, मी फार लवकर वाचलं!

दिवा आत्ता कुठं लागला होता. आता शब्द आला तर तोफ हसणार. हसली तर दात सरकणार, ऐन शेवटच्या टोकाला! मी काकांकडे पाहून डोळे मोठे केले: नको! अजून नको! काकांनी शब्द ओठांवर आणला होता, तो त्यांनी गिळला. गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. दिवा गुणगुणत होता. तोफेनं हात दाबला. कुणी बोलेना. तिनं पुन्हा दाबला. आजोबांची बोटं पांढरी पडली. दिवा गुणगुणत होता! खोलीत पाच माणसं होती आणि त्या पाचांच्या मधोमध, हवेत, तो एवढासा शब्द लोंबकळत होता. नवीन फॅशन निघाली... निघाली... मला स्वतःला तो घशात टोचायला लागला. आणि मग मी पाहिलं, आजोबांनी श्वास घेतला. ओठ उघडले. ते ‘सध्या’ म्हणणार होते! मला खात्री होती, ते ‘सध्या’ म्हणणार आणि सगळं संपणार...

“आज!”

खणखणीत, स्वच्छ, विजयी आवाज.

पीं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी नव्हते. काकांचा आवाज असा स्वच्छ निघणं शक्य नव्हतं. आजोबांचं तोंड अजून उघडंच होतं. तोफेचंही.

सगळ्यांचे डोळे हळूहळू आत्याकडे वळले. मास्कच्या दोन्ही बाजूंना तिचे कान लालबुंद झाले होते.

बरोबरच आहे. ती माझी आत्या. बाबांची बहीण. त्याच घरात, तोच शेवटचा शब्द देत वाढलेली!

“काय बघताय?” ती म्हणाली. “झालं. सुकलं. दात बसला.” तिनं हात मागं घेतला. हात आला नाही.

“आत्या?”

“हं. एक मिनिट.”

‘आज’ म्हणताना तिचं बोट किंचित घसरलं होतं आणि हातमोज्याचं टोक लेपाखाली गेलं होतं. निळ्या दिव्यानं आपलं काम चोख केलं होतं. आत्या आणि तोफ आता पक्क्या जोडल्या गेल्या होत्या! मी कात्री आणली. आयुष्यात पहिल्यांदाच आत्यानं माझ्यासमोर हात पुढं करून “सांभाळून हं” असं म्हटलं. मोज्याचं बोट कापलं, आत्या सुटली. कडा घासून गुळगुळीत झाल्या, तरी तारेपाशी निळ्या रबराचा एक ठिपका राहिलाच. आत्या म्हणाली, दोन आठवड्यांनी तार निघेल तेव्हा तोही निघेल.

“आता हळूच बोल बघू,” तिनं तोफेला सांगितलं. “जीभ लागते का कुठं? दात हलतोय का?”

आम्ही श्वास रोखून उभे. तोफेनं तोंड मिटलं. उघडलं. वळून आजोबांकडे पाहिलं.

“आजोबा!! ‘पुरे’ नसतं! ‘बास’ असतं!!”

दिव्याची काच हादरली. दात जागचा हलला नाही.

आजोबांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, “चूक मान्य.” त्यांच्या मानानं ते भाषणच होतं. जाताना तोफेनं आरशात निळा ठिपका पाहिला आणि तो शाळेत कुणाकुणाला दाखवायचा ते मोठ्यानं मोजत जिना उतरली.

दार लागलं. आत्यानं मास्क काढला आणि माझ्याकडे वळली. मी पुस्तक पाठीमागं लपवलं, जणू त्यामुळे ते दिसणार नव्हतं.

“आजपासून,” ती म्हणाली, “या दवाखान्यात कविता बंद! रडा, ओरडा, पळून जा, चालेल. कविता नाही. ते पुस्तक घरी. कळलं?”

“कळलं.”

“काका, या. तुमची दाढ राहिलीच.”

टेंपोवाल्या काकांनी गाल चाचपला. ओठ ओढून पाहिला. चेहरा उतरला. “डॉक्टर,” ते म्हणाले, आणि त्यांचा ‘र’ अगदी स्पष्ट उमटला, “बधिरपणा गेला.”

“मग पुन्हा सुई.”

ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. पळतात की काय असं वाटलं. मग त्यांनी माझ्या पाठीमागं वाकून पाहिलं. “सुई घेतो,” ते म्हणाले. “पण ताईंनी वाचायला पाहिजे. बेडूकच. आणि शब्द मी देणार, चांगल्या जिभेनं.”

“काका, आत्ताच सांगितलं ना मी...”

“नाहीतर मी गाडी नीट लावली का बघून येतो.”

आत्यानं नवे मोजे चढवले. मग सुई भरायला वळली आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, “उड्या नाहीत. पुस्तक हाताभर लांब. मी ‘तोंड उघडा’ म्हटलं की वाचणं बंद. आणि शब्द सगळे तुमचे काका, पण शेवटचा माझा. त्यात कुणी मध्ये पडायचं नाही!”

मी पुस्तक उघडलं. बेडकाच्या पँटशेजारी लाल डाग वाळला होता. चित्र आधीपेक्षा खरं वाटत होतं. काकांच्या बोटाला चिमटा लावला. ‘घट्ट’ला नाडी उतरू लागली, ‘बास’ला आणखी उतरली. आत्यानं पाठमोरी राहूनच ‘आज!’ म्हटलं तेव्हा काका चक्क डोळे मिटून पडले होते.

तेव्हा माझा निष्कर्ष कायम आहे, छातीठोकपणे! फक्त एक तपशील. मग सहज कुतूहल म्हणून मी तोच चिमटा स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. चिमट्यावर जो आकडा आला तो आत्यानं वाकून वाचला, मला खुर्चीत बसवलं, डोकं गुडघ्यांत घालायला लावलं आणि ते राहिलेलं दूध प्यायला दिलं.

तो आकडा मी प्रयोगातून वगळला आहे.